फ्रीजर रिकामा होईपर्यंत

घर हलवायचं म्हणजे आधी फ्रीजर हलका करायचा,
असं फेन्ना म्हणाली, आणि तिचं मी ऐकते,
कारण तिनं सातदा बिऱ्हाड बदललंय
आणि एकदाही मिठाची बरणी हरवलेली नाही.

म्हणून महिनाभर आम्ही रेनडिअरचं मांस खातोय.
सोमवारी रस्सा, मंगळवारी उरलेला रस्सा,
बुधवारी सिक्स्टन झाकण उचलतो, बघतो,
काही न बोलता परत ठेवतो.
तळाशी दलदलीतली पिवळी फळं, पिशवीवर सासूबाईंचं अक्षर,
त्यांना जाऊन आठ वर्षं झाली.
ती पिशवी मी बाहेर काढते, पुन्हा आत सारते.

आमच्या किरुनाखाली लोखंड आहे.
खाण रोज रात्री सव्वा वाजता सुरुंग उडवते
आणि कपाटात कप एकमेकांना हलकेच लागतात.
लग्न होऊन आले तेव्हा दचकायचे,
आता नुसती कूस बदलते.
जमीन खचतेय, म्हणून गावच उठून पूर्वेला निघालंय,
चर्चसुद्धा चाकांवर.
आम्हाला चौथा मजला, लिफ्ट, भिंती अजून ओलसर.

तीन किलोमीटर!
याला काय घर सोडणं म्हणायचं, ओद्नी हसली.
ती तीन पोरं आणि एक पियानो घेऊन समुद्र ओलांडून गेली होती.
पियानो पोचला तेव्हा नवरा राहिला नव्हता.
त्या हिवाळ्यात आम्ही पाळ्या लावून जागलो,
तिच्या रात्री कुणी ना कुणी असावं म्हणून,
आणि बोलायचो काय, तर मोज्याची दुसरी जोडी जाते कुठे,
कात्रिओनाच्या धाकट्याचे दात,
भात खाली लागला तर काय करायचं.

आम्ही पाचजणी. कधी एकमेकींना हात लावलेला नाही.
एकाच उन्हाळ्यात पोटुशी होतो, एवढीच ओळख,
बाकीची नंतर साठत गेली.
फेन्नाच्या ओट्याखालचा तिसरा खण अडकतो,
तो जरा वर उचलून ओढायचा, मला माहीत आहे.
इल्झेच्या वडिलांचा खोकला मी फोनमधून ऐकलाय, मागच्या खोलीतला,
आणि एक दिवस तो ऐकू आला नाही तेव्हा
विचारायचं धाडस झालं नाही.
पण तिची उंची किती? नाही सांगता येणार.

त्या उन्हाळ्याची पोरं आता अठरा पार.
माझी तोवे गेल्या रविवारी दक्षिणेला गेली रात्रीच्या रेल्वेनं,
एक बॅग आणि माझी चांगली कढई.
फलाटावर म्हणाली, "नाताळला घरी येते,"
आणि थांबली.
कुठल्या घरी?
"पत्ता पाठवते," मी म्हटलं. एवढंच.
पोरगी रडली, मग मी,
सिक्स्टन गाडीत जाऊन बसला आणि काच आतून पुसत राहिला.

हे लिहिलं त्यांना, तर इल्झे म्हणाली,
नव्या घरात आधी मांजर सोड.
कात्रिओना म्हणाली, छे, आधी पलंग लाव,
बाकी जग पडू दे खोक्यात.
तासभर जुंपली दोघींची.
कुणी माझं सांत्वन केलं नाही. बरं वाटलं.

शनिवारी सामान गेलं. मांजर आधी, मग पलंग.
फ्रीजर पुसून, दार सताड उघडं टाकून आलो.
पिवळ्या फळांची पिशवी मांडीवर घेऊन मी गाडीत,
तीन किलोमीटर,
स्कर्ट भिजत गेला.

रात्री सव्वाला जाग आली.
आवाज नाही.
कप तर खोक्यातच होते, वर्तमानपत्रात गुंडाळलेले,
तरी कान लावून पडून राहिले बराच वेळ.
मग उठले, फळं शिजत ठेवली,
साखर शोधली, सापडेना,
मिठाची बरणी तेवढी हाताशी.
लिहिलं, कुणी जागं आहे का?
ओद्नीचं लगेच आलं: मी आहे. साखर नसेल तर मध घाल.

मध कुठल्या खोक्यात ठेवलाय
हेही तिलाच विचारावं वाटलं क्षणभर,
तिला माहीत असेल.